बेंजोवाल्याने ऐकलेली काळी तबकडी

एका परदेशी बँडच्या 'ब्लॅक मंक टाइम' ह्या गाण्यांच्या तबकडीबद्दल लिहितोय, पण आधीच सांगून टाकतो, मला इंग्रजी गाण्यांतलं फारसं काही कळत नाही. मी बेंजो वाजवतो. डफाला दांडा ठोकल्यासारखा दिसणारा परदेशी बेंजो नव्हे. आपला, लांबट पेटीचा, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, हळदीत आणि विसर्जनात वाजतो तो. करी रोडच्या चाळीत शिकलो, एकवीस वर्षं बेंजो पार्टीत आहे. दिवसा लिफ्ट दुरुस्त करतो. दोन्ही धंद्यांत कानाचं भलं होत नाही, तेव्हा पुढे जे लिहिलंय ते तेवढं धरूनच वाचा.

भाचा कांजूरमार्गला राहतो. त्याला गेली दोन-तीन वर्षं तबकड्यांचं वेड लागलंय. एका रविवारी दुपारी त्याचा फोन. "मामा, एक बँड सापडलाय, त्यात बेंजो आहे. इलेक्ट्रिक. १९६६ सालचा."

"कुठली पार्टी?"

"अमेरिकन आहेत. पण वाजवायचे जर्मनीत."

"लग्नात?"

"अरे मामा, मिलिटरीतले होते सगळे."

मग पुढचा अर्धा तास तो बोलत होता आणि मी गॅसवरच्या दुधाकडे बघत हं हं करत होतो. शेवटी कळलं की तबकडी मागवायचीय आणि निम्मे पैसे मामाने घालायचेत. द मंक्स नावाचा बँड, 'ब्लॅक मंक टाइम' ही त्यांची एकुलती एक पूर्ण तबकडी, नव्याने छापलेली. कस्टम धरून साडेतीन हजारांच्या वर गेली. तेवढ्यात माझ्या बेंजोला नवीन पिकअप (तारांचा आवाज भोंग्यापर्यंत नेतो तो) आणि तारांचे चार संच आले असते. हे त्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "मामा, पिकअप तू ऑर्डरच्या पैशातून घेतोसच की." खरं होतं, गप्प बसलो.

पार्सल आलं ते एक कोपरा चेपूनच. आतली तबकडी वाचली, पण जाड कव्हराचं टोक कुत्र्याने चावल्यासारखं झालेलं. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विषय संपला. नाव घेत नाही, कारण भाच्याला पुढची तबकडीही त्याच्याकडूनच घ्यायचीय.

कव्हर सगळं काळं. वर नुसती अक्षरं. फोटो मात्र बघण्यासारखे आहेत. पाच माणसं, अंगावर काळे कपडे, गळ्यात टायच्या जागी फासासारखी दोरी, आणि डोक्याच्या मधोमध चकती भादरलेली, भोवती केसांचं रिंगण. तिकडचे जुने मठवासी अशी हजामत करायचे म्हणे. आपल्याकडे मधलं ठेवून भोवतालचं काढायची रीत, ह्यांनी बरोबर उलट केलं. माझ्या आईने फोटो बघितला आणि विचारलं, "ह्यांच्या घरात कोण गेलं?"

आम्हालाही गणवेश असतो. पाठीवर पार्टीचं नाव आणि खाली मोबाइल नंबर छापलेला टी-शर्ट. पण ह्या पाच जणांनी ते डोकं घेऊन बाजारात भाजीही आणली असणार, त्याचं मला जास्त वाटलं. टी-शर्ट घरी येऊन काढता येतो.

आता ही मंडळी कोण, ते भाच्याने वाचून सांगितलं तसं. गॅरी बर्गर गाणारा आणि गिटारवाला, लॅरी क्लार्क ऑर्गनवर, एडी शॉ बेसवर, रॉजर जॉन्स्टन ड्रमवर, आणि डेव्ह डे. डेव्ह डे बेंजोवर. पाचही जण अमेरिकन सैन्यात, पोस्टिंग पश्चिम जर्मनीत, गेलनहाउजेन नावाच्या गावच्या तळावर. शीतयुद्धाचा काळ, समोर रशियन, पण रोजची लढाई काही नाही. ड्युटी संपली की वाजवायचं. १९६४ साली 'फाइव्ह टॉर्कीज' असं नाव घेऊन ते दुसऱ्यांचीच चालू गाणी वाजवत होते. सैन्यातली मुदत संपली तरी परत गेले नाहीत, तिथल्या क्लबांत राहिले.

इथपर्यंत मला ही गोष्ट ओळखीची वाटली. आमच्या पार्टीत एक जण पोलीस भरतीच्या तयारीला म्हणून रत्नागिरीहून आला होता, बारा वर्षं झाली, अजून कोंगो वाजवतोय.

पुढे त्यांना दोन जर्मन मॅनेजर भेटले, कार्ल रेमी आणि वाल्टर नीमन. मुळात दोघे जाहिरातीच्या जगातले. डोकं भादरणं, काळे कपडे, दोरी, नाव, सगळं त्यातूनच आलं. पण माझ्या मते त्यांनी केलेलं खरं काम वेगळंच आहे. गाण्यातून काढता येईल तेवढं सगळं काढून टाकायला लावलं. सूर कमी, शब्द कमी, झांज जवळजवळ बाजूला, आणि सगळ्यांनी मिळून ठेका ठोकायचा. दुसरी गिटार होती, तीही काढली आणि त्या डेव्ह डेच्या हातात बेंजो दिला. सहा तारांचा, गिटारसारखा लावलेला, आत माइक बसवलेला. चाल वाजवायची नाही. नुसता रेटा द्यायचा.

हे कळलं आणि मी जरा सावरून बसलो. चाल न वाजवणारा बेंजो म्हणजे आमच्यात अपमान. आमच्याकडे बेंजो हाच गायक. नवरदेवाची आत्या येऊन सांगते, अमुक गाणं घ्या, आणि ते तिला बटणांवरून ऐकू आलं पाहिजे, शब्दांसकट. बाकी सगळे, ढोल, ताशा, कोंगो, ऑक्टापॅड, माझ्या मागे. ह्या डेव्ह डेला मागे उभं करून नुसतं खडखडायला लावलंय.

दोन्ही वाद्यांना एकच नाव कसं पडलं हाही गमतीचा भाग आहे. त्यांचा बेंजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांच्या वाद्यांतून अमेरिकेत घडला. आपला आला जपानमधून. नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने १९१२ साली तो तयार केला, ताइशोगोतो म्हणतात त्याला. आपल्याकडे त्याचा बुलबुलतरंग झाला आणि बुलबुलतरंगचा बेंजो. दोघांची सोयरीक कुठेच नाही, तरी आडनाव एक.

तर ऐकलं. भाच्याचा प्लेअर चांगला आहे. माझ्या घरी चोर बाजारातून आणलेला एचएमव्हीचा फिएस्टा आहे, त्यावर ही लावू दिली नाही त्याने. जड सुईने तबकडी खरवडते म्हणाला.

पहिलं गाणं सुरू झालं आणि मी बेंजो शोधायला लागलो. सापडेना. गॅरी बर्गर आल्या आल्या स्वतःचं नाव सांगतो, मग ओरडायलाच लागतो, व्हिएतनामबद्दल, सैन्याबद्दल. चिडलेला माणूस आहे हे कळायला इंग्रजी लागत नाही. ऑर्गन मागून टोचतोय, बेस फाटक्या भोंग्यासारखा पुढे येतोय. दुसरं गाणंही गेलं. मी भाच्याला म्हटलं, फसवलंस. तो म्हणाला, "मामा, बेंजो म्हणून ऐकू नकोस. ताशा म्हणून ऐक."

आणि सापडला. ड्रमच्या दोन ठोक्यांच्या मध्ये एक कोरडी, पत्र्याची चटक आहे. चट्-चट्-चट्-चट्. इतका वेळ मी ती ड्रमवाल्याचीच समजत होतो. रॉजर जॉन्स्टन झांजेला हात लावत नाही म्हटलं तरी चालेल, खालच्या जाड ड्रमवर घण घालतो. मग वरची कडकड कोण भरणार? तो बेंजो भरतो. ढोल आणि ताशा! ढोलाच्या टोलाला ताशाच्या काड्या जशा कडा देतात, अगदी तसं. ताशावाला चुकला तर ढोल किती गबाळा वाटतो हे मिरवणुकीत चाललेल्या माणसाला सांगायला नको. ह्या तबकडीतून बेंजो काढला तर तसंच होईल. तबकडी १९६५ च्या नोव्हेंबरात कोलोनच्या स्टुडिओत भरली; ज्या कोणाला हे सुचलं, त्याला मी मानाचा नारळ देईन.

मग पहिली बाजू पुन्हा लावली आणि ह्या खेपेला मजा आली. 'आय हेट यू' नावाचं गाणं संथ आहे, जड पायांनी चालतं, आणि त्यात गिटार शिट्टी मारते.

ह्या शिट्टीबद्दल थोडं बोलतोच, कारण ते आमच्या पोटापाण्याचं आहे. माइक किंवा पिकअप भोंग्याच्या समोर आला की स्वतःचाच आवाज स्वतः खातो आणि किंचाळायला लागतो. आम्ही म्हणतो शिट्टी मारली. शिट्टी मारली की सगळी वरात साउंडवाल्याकडे वळून बघते, आणि नवरीचा काका त्याला आईबहिणीवरून ऐकवतो. माझी पहिली काही वर्षं ट्रॉलीवर भोंग्यापासून किती हात लांब, कुठल्या कोनात उभं राहायचं हे शिकण्यातच गेली. ह्या मंडळींचा किस्सा असा की तालमीत गॅरी बर्गर लघवीला गेला, गिटार तशीच चालू ठेवून स्पीकरला टेकवून गेला. ती किंचाळायला लागली. जॉन्स्टनने शिव्या देण्याऐवजी त्यावर ड्रम धरला, बाकीचेही घुसले. गॅरी परत येईपर्यंत नवीन वाजवणं तयार. त्या दिवसापासून शिट्टी मुद्दाम मारायची.

मी हे आमच्या साउंडवाल्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पैसे देत होते का त्यांना?"

देत होते, पण घाम काढून. जर्मनीतल्या त्या क्लबांत एका रात्रीत तासन्‌तास वाजवायला लागायचं, आठवड्याचे सगळे दिवस. हॅम्बुर्गच्या टॉप टेन क्लबमध्येही हे वाजवून गेले; तिथे त्यांच्या आधी, १९६१ साली, बीटल्स वाजवून गेलेले. आमच्याकडे दहा वाजले की पोलिसांची गाडी कोपऱ्यावर येऊन उभी राहते, त्यामुळे आमची मजल चार तासांची. पण चार तासांतही कळतं की तिसऱ्या तासानंतर बारीक कलाकुसर कोणी ऐकत नाही. हात आपोआप सोपं आणि जोरकस वाजवायला लागतो. भाचा आणि त्याचे मित्र ह्या तबकडीबद्दल बोलतात ते ऐकलं तर वाटेल की ही विद्वानांनी चार भिंतींत बसून योजलेली गोष्ट आहे. मॅनेजरांनी योजली असेल. हातांनी मात्र ती क्लबात, पहाटे, दमून शिकलेली आहे. 'कॉम्प्लिकेशन' ऐका. एक जण ओळ टाकतो, बाकीचे एकच शब्द त्याच्यावर फेकतात, मध्ये श्वासही नाही. दमलेल्या माणसांचं वाजवणं आहे हे, आणि दमलेली माणसं एकमेकांना कशी धरून ठेवतात ते त्यात बरोबर ऐकू येतं.

दुसरी बाजू मला तितकी पटली नाही. 'ड्रंकन मारिया' गंमत म्हणून एकदा ठीक. 'ब्लास्ट ऑफ' सुरू होताना रॉकेट उडाल्यासारखे आवाज काढलेत, ते भाच्याला फार आवडतात. मला आमच्या ऑक्टापॅडवाल्याची आठवण झाली, त्याला नवीन आवाज सापडला की तो आठवडाभर सगळीकडे तोच घुसडतो. बारा गाणी, सगळी मिळून अर्धा तास. पैशाच्या हिशेबाने महाग. पण ह्यापेक्षा लांब असती तर मी उठून चहा टाकला असता, हेही खरं.

छपाईबद्दल: पहिली बाजू स्वच्छ. दुसऱ्या बाजूच्या पहिल्या गाण्यात सुईची कटकट आहे, ती पुसूनही गेली नाही. तबकडी एका कडेला जराशी उचललेली आहे, सुई तिथे होडीसारखी डुलते, पण उडत नाही. बेस भरपूर आहे. लहान स्पीकरवर ऐकणार असाल तर घेऊ नका, मोबाइलवर तर नकोच; बेंजोची ती चटक नाहीशी होते आणि मग नुसता आरडाओरडा उरतो. भाच्याने पाचपैकी पाच दिले. मी साडेतीन देतो. अर्धा कव्हरच्या कोपऱ्यासाठी कापलाय, एक दुसऱ्या बाजूसाठी.

त्यांचं पुढे काय झालं हे विचाराल तर काही झालं नाही. मार्च १९६६ मध्ये पॉलिडोर कंपनीने तबकडी जर्मनीत काढली, अमेरिकेत काढलीच नाही. व्हिएतनामवर असं ओरडणारी गाणी तिकडे कोण विकणार? खपलीही बेताचीच. मग कंपनीने जरा गोड वाजवा म्हणून धरलं. त्यांनी 'कुकू' वगैरे एक-दोन हलकी गाणी दिली, ती ह्या बारांत नाहीत. १९६७ साली आशियाचा दौरा ठरला, त्यात व्हिएतनामही होतं. दौऱ्याच्या तोंडावर जॉन्स्टनचं पत्र आलं, टेक्सासहून. तो घरी निघून गेला होता, येणार नव्हता. संपलं. ड्रमवाला गेला की पार्टी मोडते, हे कुठल्याही देशात खरं असणार. आमची आधीची पार्टीही ढोलवाला विरारला राहायला गेला आणि मोडली.

अमेरिकेत त्याच सुमाराला गल्लोगल्ली पोरं घराच्या गॅरेजमध्ये गिटारी घेऊन असलं काहीतरी वाजवत होती, म्हणून त्या सगळ्याला गॅरेज रॉक म्हणतात. १९७२ साली लेनी के नावाच्या, संगीतावर लिहिणाऱ्या माणसाने त्यातली निवडक गाणी दोन तबकड्यांत गोळा केली तेव्हा लोकांना त्याची किंमत कळली. मंक्स त्यातही नव्हते, कारण ते गॅरेजमध्ये नव्हते, परमुलखात होते. आपल्याकडेही ही लाट आली होती बरं का. सिगारेट कंपनीने सिमला बीट नावाची स्पर्धा भरवली, १९७० आणि १९७१ साली तिच्या तबकड्याही निघाल्या, आणि आज त्यांच्यासाठी परदेशातले लोक पैसे मोजतात. मुंबईत गॅरेज कोणाकडे होतं, हा प्रश्न मी भाच्याला विचारला. त्याला उत्तर आलं नाही. आम्ही तर जिन्याखाली शिकलो.

मंक्सची माणसं आपापल्या गावी गेली. तीस-बत्तीस वर्षांनी, १९९९ साली, न्यू यॉर्कला सगळ्यांनी पुन्हा एकत्र येऊन वाजवलं. पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या देशात. पुढे जॉन्स्टन २००४ साली गेला, डेव्ह डे २००८ साली. गॅरी बर्गर मिनेसोटा राज्यात टर्टल रिव्हर नावाच्या लहानशा गावाचा महापौर झाला, तो २०१४ साली गेला. तेवढ्याशा गावाला महापौर, म्हणजे आपला सरपंचच. ग्रामसभेत कोणी जास्त बोललं तर हा माइकची शिट्टी मारत असेल का, असा विचार मनात आला.

आता शेवटची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर लिहायला बसलो. गेल्या गुरुवारी तालमीला मी ती चटक वाजवून बघितली. बटणांवरून डावा हात उचलला, मोकळ्या तारा तळहाताने दाबून धरल्या आणि प्लास्टिकच्या पत्तीने नुसता रेटा दिला. चाल नाही, काही नाही. आमचा ताशावाला वयाने सगळ्यांत लहान, बावीसचा असेल. त्याने दोन आवर्तनं ऐकली, काड्या खाली ठेवल्या.

"काका, हे माझं काम आहे."

"आज मी करतो. तू नुसता टोल दे."

त्याने ढोलवाल्याकडून टिपरू घेतलं आणि दिला. ढोलवाला हात बांधून बघत राहिला. चार-पाच मिनिटं आम्ही तसेच चाललो. साउंडवाल्याने हळूच माझा आवाज वाढवला, भोंगा किंचाळला, आणि पहिल्यांदाच कोणी त्याच्याकडे वळून बघितलं नाही. वरच्या मजल्यावरून मात्र एका आजीने ग्रिलला वाटी आपटली.

"अरे, मेल्यांनो, गाणं कधी सुरू करणार?"

शनिवारी भांडुपला हळद आहे. ताशावाला विचारतोय की त्या वेळी दोन मिनिटं घ्यायचं का, आत्या जेवायला गेल्यावर.